महिन्यातली एक संध्याकाळ आम्हाला द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील हॉटेल, रेस्टॉरंट व परमिट रूमचे मालक आणि व्यवस्थापक यांस

स.न.वि.वि.

मी नेरुळला राहतो, महाप्याला नोकरी करतो. पन्नाशी उलटली आहे आणि मी गे आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या हॉटेलांत मी वर्षानुवर्षं जेवत आलोय. पत्र एका मागणीसाठी आहे, ती आधीच सांगून टाकतो. महिन्यातून एकदा, आठवड्याच्या मधल्या वारी, तुमची निम्मी टेबलं रिकामी असतात तेव्हा, एखादा हॉल आम्हाला द्या. आम्हाला म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स, हिजडा, आणि जे स्वतःला अजून काहीच म्हणायला धजलेले नाहीत त्यांनाही. दार सगळ्यांना सारखं उघडं असावं आणि शेवटच्या लोकलच्या आत सगळं आटोपलेलं असावं.

अशी एक संध्याकाळ वाशीत होती. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण मालकांनी आमच्यासाठी जे केलं त्याचा त्यांना त्रास व्हायला नको. खाली फॅमिली रूम, वर एसी हॉल. काही वर्षं ती गुपचूप, नीट चालली. मग गेल्या पावसाळ्यात खाली जेवायला आलेल्या एका माणसाने जिन्यात उभं राहून आमच्यातल्या दोघींचा व्हिडिओ काढला आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात मॅनेजरचा फोन आला, 'साहेब, आता नको. वरून प्रेशर आहे.' त्यानंतर मी पाम बीच रोडपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत बऱ्याच ठिकाणी विचारून पाहिलं. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांचं उत्तर मात्र एकच होतं, 'आमच्याकडे फॅमिली क्राउड असतो हो.'

नको म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर काय येत असेल याची मला कल्पना आहे. अंधार, धिंगाणा, पोलिसांची गाडी. म्हणून त्या हॉलमध्ये खरोखर काय चालायचं ते सविस्तर सांगतो. मी फार नाचणारा माणूस नाही. भिंतीकडचं टेबल पकडून बसायचं आणि येणारी-जाणारी माणसं बघायची, ही माझी आवड. त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

साडेसातला पहिली माणसं येत. सगळ्यात आधी येणारे तेच, ज्यांना सगळ्यात आधी निघायचं असतं. डोंबिवलीकडचे एक गृहस्थ होते, लग्न झालेलं, मुलगी कॉलेजात. ते कायम दाराकडे तोंड करून बसत, ऑफिसची बॅग मांडीवर. एक बिअर, एक मसाला पापड. अर्धा तास कुणाशी बोलत नसत. पण त्या अर्ध्या तासात त्यांचे खांदे कसे सैल होत जात ते मी बघितलंय. बॅग मांडीवरून शेजारच्या खुर्चीवर जाई, मग खाली जमिनीवर. नऊ वाजता ते बॅग उचलून निघत. त्यांची महिन्याची संध्याकाळ एवढीच, आणि तेवढ्यासाठी ते डोंबिवलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलून वाशीला येत.

तुर्भ्याच्या मार्केटमधला एक माथाडी कामगार येई. दिवसभर गोणी वाहिलेला माणूस, पण अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एकदा त्याच्या शेजारी ऐरोलीच्या आयटी कंपनीतला एक मुलगा बसला. दोघांना काय बोलावं सुचेना. मग आपल्याकडे जो प्रश्न पहिला विचारतात तोच आला, 'गाव कुठलं?' एक जावळीचा, दुसरा पाटणचा. दोघेही सातारा जिल्ह्यातले म्हटल्यावर पुढचा तासभर यात्रा, एसटी, पाऊस आणि गावात आईला कोण बघतं, यावरच बोलणं. गे असण्याचा विषय त्या टेबलावर आलाच नाही. तो सांगायची गरज नव्हती, म्हणूनच बाकीचं सगळं बोलता आलं.

आणखी एक गोष्ट बघून मी विचारात पडलो. आपल्याकडे गाव विचारून झालं की आडनाव विचारतात आणि आडनावावरून जात काढतात. त्या हॉलमध्ये आडनाव कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. ओळख फुटेल या भीतीने प्रत्येक जण पहिल्या नावावर, कधी खोट्या नावावर आलेला. त्यामुळे एखाद्याची जात कळायला कित्येक महिने लागत, आणि तोवर मैत्री झालेली असे. हे समतेच्या विचारातून घडलं असं मी म्हणणार नाही, भीतीतून घडलं. पण मुंब्र्याचा शिवणकाम करणारा मुलगा, नौपाड्यातले निवृत्त कारकून, घणसोलीत राहणारी ट्रान्सजेंडर कार्यकर्ती आणि केरळहून आलेली, नेरुळच्या हॉस्पिटलात काम करणारी नर्स एका ताटातलं चिकन चिली उचलताना मी बघितलंय. ठाणे-नवी मुंबईत दुसरीकडे कुठे ही चार माणसं एका टेबलावर बसतात, मला सांगा.

कर्णबधिर मुलांचं एक टेबल असे. गाण्याचा आवाज वाढला की आम्ही एकमेकांच्या कानाशी ओरडायचो, आणि ही मुलं हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला हातांनी आरामात गप्पा मारायची. तुमच्या व्यवसायातला एक वेटर, ओडिशाचा पोरगा, सुरुवातीला या सगळ्याकडे बघून तोंड फिरवून हसायचा. त्या टेबलावरच्यांनी त्याला 'पाणी', 'बिल' आणि 'आणखी एक' यांच्या खुणा शिकवल्या. पुढे तो ऑर्डर खुणेनेच घ्यायचा. घणसोलीच्या ताईंना आधी 'ओ' म्हणून हाक मारणारा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, नंतर 'मॅडम' म्हणू लागला. त्याला कुणी भाषण दिलं नव्हतं. दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक हळूहळू ओळखीचं होतं, एवढंच घडलं.

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. खोटं चित्र दाखवून मला हॉल मिळवायचा नाही. त्या खोलीतही उतरंड होती. इंग्रजी बोलणारे स्पीकरजवळच्या मोठ्या टेबलावर, मराठी-हिंदीवाले किचनच्या दाराशी. जिममध्ये कमावलेलं शरीर आणि गोरा रंग असेल तर चार जण बोलायला येतात. बायकी हालचालीचा, सावळा, जाड मुलगा संध्याकाळभर मोबाइल बघत बसतो. बाहेर ज्या शब्दांनी आम्हाला हिणवलं जातं, तेच शब्द आत आमच्यातलेच काही जण दुसऱ्याला वापरतात. हे मी ऐकलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या वयाच्या माणसावर नजर येते आणि पुढे सरकते. बायका तर कायमच थोड्या. एकटी मुलगी परमिट रूममध्ये जायला धजत नाही, आणि रात्री आठनंतर कुठे होतीस याचं उत्तर घरी मुलाला द्यावं लागत नाही, मुलीला द्यावं लागतं.

पण याच खोलीत मी ही उतरंड मोडतानाही बघितली. करावे गावचा एक आगरी मुलगा होता, लाजाळू, किचनकडच्या टेबलावर बसणारा. एकदा त्याने लॅपटॉपवर गाणी लावणाऱ्या मुलाकडे जाऊन कोळीगीत लावायला सांगितलं आणि एकटाच नाचायला उभा राहिला. गुडघ्यात किंचित वाकून, वल्ह्याची लय खांद्यात घेऊन. अंगात इतकी सहजता की मोठ्या टेबलावरचे बोलायचे थांबले. दुसऱ्या गाण्याला एक वकील त्याच्या मागे उभे राहून पावलं उचलायला शिकत होते, तिसऱ्याला निम्मा हॉल रांगेत होता. त्या दिवसापासून त्या मुलाला किचनकडे बसावं लागलं नाही. तुम्ही हॉल दिलात तर एक विनंती, कोणती गाणी लावायची हे फक्त मोठ्या टेबलाला ठरवू देऊ नका.

आणि बोलणं कशावर चालायचं? खारघरमध्ये दोन मुलींना भाड्याने घर कोण देतं. एचआयव्हीची तपासणी करताना तुच्छतेने न बघणारा डॉक्टर कुठे आहे. आईला सांगावं की नाही. एकदा एक मुलगा सुजलेला चेहरा घेऊन आला. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या माणसाने त्याला एका फ्लॅटवर बोलावलं होतं. तिथे तिघे होते. मारलं, मोबाइलवरून पैसे वळते करून घेतले आणि 'घरी सांगू' म्हणून आणखी मागायला लागले. तो कुणालाच बोलला नव्हता. त्या संध्याकाळी त्या वकिलांनी त्याला बाजूला घेतलं, भारतीय न्याय संहितेच्या ३०८ कलमाखाली ही सरळ खंडणी आहे हे समजावलं आणि तक्रारीचा कच्चा मसुदा बिलाच्या मागे लिहून दिला.

ज्यांना उजेडात, चार माणसांत, वेटर ये-जा करत असलेल्या जागी भेटता येत नाही, ते अनोळखी फ्लॅटवर भेटतात. तिथे लुटणारे आधीच बसलेले असतात. तुमचा हॉल बंद झाला म्हणून आमचं एकमेकांना भेटणं थांबत नाही, ते धोक्याच्या जागी सरकतं.

याचा दाखला तुमच्याच व्यवसायाच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६६ च्या एप्रिलमध्ये मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे काही तरुण ज्युलियस नावाच्या बारमध्ये गेले. आम्ही होमोसेक्शुअल आहोत असं त्यांनी आधी सांगितलं आणि मग दारू मागितली. बारवाल्याने ग्लासवर हात ठेवला. त्या क्षणाचा फोटो आजही बघायला मिळतो. बारवाल्याला भीती होती लायसन्सची. असं गिऱ्हाईक बसवलं तर दारू खातं जागा बेशिस्त ठरवेल आणि परवाना जाईल, ही त्या काळातली सगळ्याच मालकांची भीती. सज्जन मालक मागे सरले आणि ती जागा माफियाने घेतली. २८ जून १९६९ च्या पहाटे ज्या स्टोनवॉल इन बारवर पोलिसांची धाड पडली आणि गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला, तो बार माफियाच चालवत होता. पाणी घातलेली दारू, चढे भाव, पोलिसांना हप्ता. माणसं तरीही तिथे जात, कारण एकमेकांसोबत उघडपणे नाचता येईल अशा जागा मोजक्याच होत्या.

तुमची भीती मी हलकी मानत नाही. २००५ साली सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या हॉटेलवाल्यांनी काय सोसलं, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या बंदीतून थ्री स्टार आणि त्यावरची हॉटेलं वगळली होती. जे परमिट रूममध्ये वाईट ते मोठ्या हॉटेलात चांगलं कसं, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विचारला आणि ती बंदी टिकली नाही. आज आमच्या बाबतीत तेच चाललंय. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांच्या क्लबमध्ये क्वीअर, म्हणजे आमच्यासारख्यांच्या, पार्ट्या राजरोस होतात. कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, भरायची ऐपत आणि परत यायला टॅक्सीचे पैसे असतील त्याला मोकळेपणा मिळतो. माथाडी कामगाराने जायचं कुठे?

अंतराचंही तेच. आमच्या तरुणपणी कुलाब्याच्या व्हूडू पबमध्ये शनिवारची रात्र आमची असायची. १९९८ पासून गे बॉम्बे या गटाच्या पार्ट्या आणि गप्पांच्या बैठका सुरू झाल्या. या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण हे सगळं खाडीच्या पलीकडे. तिथे बारा वाजता रंग भरायला लागतो आणि पनवेल, कल्याण, बदलापूरवाल्यांची तीच शेवटच्या गाडीची वेळ. कुणी कुलाबा-अंधेरीची जागा सांगितली की इकडची निम्मी माणसं आपोआप गळतात, आणि गळणारी माणसं नेमकी कोण ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, आणि आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. त्या खटल्याच्या मूळच्या पाच अर्जदारांत रितू दालमिया होत्या, त्या रेस्टॉरंट चालवतात. अमन नाथ होते, त्यांनी नीमराणाची हॉटेलं उभी केली. नंतर ललित हॉटेल समूहाचे केशव सुरी यांनीही याचिका दाखल केली. नर्तक, पत्रकार यांच्या बरोबरीने तुमच्या व्यवसायातली ही माणसं स्वतःच्या नावानिशी कोर्टात उभी राहिली. ठाण्या-वाशीतल्या हॉटेलवाल्यांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी असं मला मनापासून वाटतं.

त्याहून जुनं एक कलम आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांमुळे कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागी अडवता येणार नाही, आणि त्याला जोडूनच विहिरी, तळी, घाट यांचा उल्लेख येतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्या लढ्याची ओल या कलमात आहे. पाणवठा आणि उपाहारगृह घटनेने शेजारी ठेवले, कारण माणसाला माणसांत बसू न देण्याच्या या दोन जागा होत्या. तुमच्यापैकी अनेकांचे आजोबा उडुपी-मंगळूरहून येऊन मुंबईत उभे राहिले. घरी जे एका पंगतीला बसले नसते ते त्यांच्या हॉटेलात शेजारशेजारी बसून इडली खाऊ लागले. ती टेबलं अजून तुमच्याकडे आहेत. ट्रान्स व्यक्तीला सार्वजनिक वापराच्या जागी अडवणं २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरवलंय, हेही लक्षात असू द्या. पण माझी सगळी भिस्त कायद्यावर नाही. कायद्याच्या धाकाने दार उघडेल, वेटर हसून पाणी आणून ठेवणार नाही.

आता प्रत्यक्ष काय हवं ते. त्या संध्याकाळी 'स्टॅग अलाउड नाही', म्हणजे सोबत बाई नसलेल्या पुरुषाला प्रवेश नाही, हा नियम बाजूला ठेवा. दोन मुली आल्या तर तुमचा माणूस त्यांना लेडीज म्हणून आत सोडतो, दोन मुलं आली तर स्टॅग म्हणून अडवतो, आणि ट्रान्स व्यक्ती आली की गोंधळून मॅनेजरला हाक मारतो. वय तपासायला आधार कार्ड जरूर बघा. राज्यात बिअरला २१ आणि दारूला २५ वर्षांची अट आहे, ती आम्ही पाळू. पण कार्डावरचं नाव मोठ्याने वाचू नका. घणसोलीच्या ताईंचं जुनं पुरुषी नाव दारावर सगळ्यांसमोर वाचलं गेलं तेव्हा त्या आल्या पावली परत गेल्या होत्या, आणि पुढचे दोन-तीन महिने फिरकल्या नाहीत. कव्हर चार्ज नको. जो ताक किंवा लाइम सोडा घेऊन बसेल त्यालाही तितकाच वेळ बसू द्या. हॉलमध्ये फोटो-व्हिडिओला मनाई, आणि जिन्यात तुमचा एक माणूस. एका टॉयलेटवर कुणाचीच पाटी लावू नका. साडेसातला सुरू, अकराला बंद.

आमच्या बाजूने आम्ही ठरलेल्या किमान बिलाची रक्कम आगाऊ भरू, कमी पडलं तर वर्गणी काढू. आमच्यातले दोघे जण त्या संध्याकाळी न पिता दाराशी थांबतील, आतल्या कुणी कुणाला त्रास दिला तर त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी आमची. खालच्या फॅमिली रूममधल्या कुणाची तक्रार आली तर तुमच्या मॅनेजरसोबत आम्हीही त्यांच्याशी बोलायला येऊ. ती माणसंही आमच्याच सोसायट्यांत राहतात, कदाचित त्यांच्यातल्या कुणाचा मुलगा वर बसलेला असेल.

दिवाळीची गर्दी ओसरली की मी पुन्हा हॉटेलं फिरायला सुरुवात करणार आहे. आधी वाशी आणि बेलापूर, मग ठाण्यात राम मारुती रोड आणि वागळे इस्टेटचा भाग. दुपारी तीन ते पाच तुमची वर्दळ कमी असते तेव्हा येईन. माझ्यासोबत ते वकील असतील आणि घणसोलीच्या ताईही. भेटायला बसाल तेव्हा मॅनेजरबरोबर दारावर उभा राहणाऱ्या माणसालाही बोलवा, निम्मं बोलणं त्याच्याशीच करायचं आहे.

आपला,
नेरुळचा एक जुना गिऱ्हाईक